मधले दोन आवाज

४ मे

सूनबाई,

पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तू रडतेस. तुझं रडणं मला स्पष्ट ऐकू येतं आणि शब्द एकही कळत नाही. कानाला मशीन लावून दुसऱ्याचं रडणं ऐकायची हौस मला या वयात नाही. पत्रात रडता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण.

कामाचं बोलते. ठोंब्याला जाऊन दोन महिने झाले. (पहिल्या शिकवणीला तो पियानोसमोर ठोंबासारखा बसला होता, तेव्हापासून माझ्यासाठी तो ठोंब्या. पोटच्या मुलाला असं म्हणते म्हणून तू नाक मुरडायचीस ते मला दिसायचं.) ऑगस्टअखेर त्याचा वाढदिवस येतो. त्या दिवशी माझा गायनवृंद त्याची शेवटची रचना गाणार आहे, ती चार आवाजांची, शब्द नसलेली. ती अर्धी राहिली हे मला माहीत आहे. शेवट मी करीन. सा म्हणजे काय हे त्याला मी शिकवलं, तर त्याचं गाणं कुठे संपतं हेही मलाच कळणार.

सुवाच्य प्रत तुझ्याकडे आहे. ती पाठव. झेरॉक्स नको, मूळ कागद हवेत. त्याच्या सगळ्या रचना तूच उतरवून काढायचीस, तेवढं श्रेय मी तुला कार्यक्रमात जाहीरपणे देईन. तुझं अक्षर सुरेख आहे. लग्नाच्या वेळी तुझी तेवढीच गोष्ट मला पटली होती.

नृत्यशाळेतली नोकरी चालू असेलच. मुलींनी वेळेवर पाय उचलावेत म्हणून कुणीतरी पियानो बडवायलाच हवा.

तुझी,
आई


११ मे

आईंना नमस्कार.

सोबत झेरॉक्स पाठवते आहे. मूळ कागद माझ्याकडेच राहतील. शेवटही मी करणार आहे.

रचना कुठे जाते हे सांगायला फार विद्वान लागत नाही, मुलींचे पाय उचलवणारीलाही कळतं. पहिले सोळा बार, सोळा आवर्तनं म्हणा, तो घरी आहे. सा पासून निघतो, सा वर येतो. मग रे चा कॉर्ड लागतो: रे, मध्यम, धैवत एकदम. घरच्या हिशेबाने त्यात शुद्ध मध्यम हवा, पण तिथे तीव्र मध्यम आहे. आता रे हा पंचमाचा पंचम. ज्या स्वराच्या दारात त्याचा स्वतःचा पंचम येऊन उभा राहतो, तो स्वर घटकाभर यजमान होतो. त्यामुळे कानाला वाटायला लागतं, अरे, पंचम हाच सा की काय. तुम्ही याला 'उसना पंचम' म्हणता. आणि उसनं आणलेलं परत करायचं असतं हेही तुम्हीच म्हणता.

तुम्ही लहानपणी त्याला हे कसं समजावलं होतं ते त्याने मला इतक्यांदा ऐकवलंय की माझं पाठ आहे: शेजारी खेळायला जायचं, शेजारणीला हवं तर काकू म्हणायचं, पण दिवेलागणीला आपल्या घरी यायचं. तोही शेजारी खेळायलाच गेला आहे. कागद संपला तेव्हा अजून दिवे लागले नव्हते एवढंच. मी त्याला परत आणणार आणि सा वर संपवणार.

तो तुमच्याकडे आठ दिवसांसाठी आला होता. तुम्ही त्याला तीन आठवडे ठेवून घेतलंत. रचनेलाही ठेवून घ्याल, म्हणून मूळ कागद पाठवत नाही.

तुमची,
सून


१६ मे

सूनबाई,

झेरॉक्स मिळाली. दोन बार कडेला कापले गेले आहेत. आळस केला की असं होतं.

शेजारी खेळायला जाण्याचं माझं वाक्य मलाच ऐकवलंस, ठीक आहे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण त्यापुढचं वाक्य त्याने तुला सांगितलेलं दिसत नाही. मी त्याला विचारायची, मुक्काम आहे की बिऱ्हाड? तीव्र मध्यम एकदा लागला, पंचमाला सलाम केला आणि शुद्ध मध्यम परत आला, तर मुक्काम. पण तीव्र मध्यमच नांदायला लागला, शुद्ध मध्यम तोंड दाखवेनासा झाला आणि पंचमावर ऐसपैस थांबणं झालं, तर ते बिऱ्हाड. पट्टीच बदलली. मग जुन्या सा ला घर म्हणण्यात अर्थ नाही, ते नुसतं माहेर.

कापलेले बार धरून मोजून बघ. तो रे चा कॉर्ड आल्यापासून कागद संपेपर्यंत मध्यम येतो तेव्हा तीव्रच येतो. शुद्ध मध्यमाचं नाव नाही. हे खेळायला जाणं नव्हे बाई. माझ्या मुलाने घर बदललं.

आणि तो तीव्र मध्यम तुझ्या सुरेख अक्षरातही मी ओळखला. मधल्या आवाजात हळूच ठेवलेला, कुणाच्या लक्षात येऊ नये असा, आणि आला की सगळं एका बाजूला कलतं. तो असा ठेवायला मी त्याला शिकवलं. हजार कागदांतून मी तो उचलून दाखवीन. त्या स्वरात माझा मुलगा आहे.

आणखी एक. शेजारी खेळायला जाणारा पोरगा काखोटीला उशी मारून जात नाही. हा माझ्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे एक बॅग होती आणि स्वतःची उशी होती. जेवताना म्हणाला, आई, इथे बरं वाटतं. मी विचारलं नाही किती दिवस. जे दिसतं ते विचारायचं कशाला.

आई


२४ मे

आईंना नमस्कार.

उशी तो हॉटेलातसुद्धा नेतो. दुसऱ्याच्या उशीवर त्याची मान धरते. हे तुम्हाला माहीत नसावं याचं मला नवल वाटत नाही. तुमच्या घरी तो मान धरली तरी बोलला नसता.

हे लिहून मी पत्र बंद केलं होतं. चार दिवस ते टेबलावर पडून होतं. आज परत उघडलं, कारण मला तुमच्याशी भांडायचं नाहीये. मला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती विचारायला तुमच्याखेरीज जगात कुणी नाही.

आठ दिवसांसाठी आला होता हे मी खोटं लिहिलं. किती दिवसांसाठी गेला, मला माहीत नाही. आमचं भांडण झालं होतं. कशावरून ते सांगितलं तर तुम्ही हसाल. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो महिनाभर प्लंबरला बोलावतो म्हणत होता. नळावरून सुरू झालं आणि मी नको ते बोलले. म्हणाले, तुझं कुठलंच काम तू पुरं करत नाहीस, दुसऱ्याच्या जिवावर मिरवतोस. त्याने बॅग भरली, उशी घेतली, गेला. तीन आठवडे त्याने फोन केला नाही, मीही केला नाही. मला वाटत होतं, आधी त्याने करावा. नळ अजून गळतो.

मग तो गेल्याचा तुमचा फोन आला. मी पोचले तेव्हा तुम्ही मला त्याच्या खोलीत एकटी सोडलंत. कपाट उघडं होतं. त्याचे शर्ट हँगरला लावलेले होते, सगळे, इस्त्रीचे वेगळे आणि रोजचे वेगळे. उशी पलंगावर होती. पाहुणा माणूस बॅगेतूनच शर्ट काढून घालतो. हँगरला लावतो तो राहायला आलेला असतो. ते शर्ट बघितल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही.

आई, तो परत येणार होता का? तो काही बोलला असेल. निदान शेवटच्या दुपारी तरी पियानोवर बसला असेल. त्याला बोलता यायचं नाही ते तो वाजवायचा. ही रचना वाजवली का? पुढे कुठे नेली? एवढं सांगा. मी पुन्हा तुम्हाला कशासाठीही त्रास देणार नाही.

सून


२८ मे

सूनबाई,

हसले नाही. नळावरून गेलेली घरं मी पाहिली आहेत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. शेवटच्या दुपारी तो पियानोवर बसला होता. काय वाजवलं ते मी ऐकलं, आणि काय म्हणाला तेही. मशीन कानातच होतं.

पण तूच सांग, मी ते तुला का द्यावं? तीन महिने होत आले, तू मला मूळ कागदाचा कपटा दिला नाहीस. माझ्याकडे त्याचं काय आहे? पियानो आहे, पण तो माझाच आहे. तुझ्याकडे त्याची बारा वर्षं आहेत, कपाटं भरून कागद आहेत. टाळी एका हाताने वाजत नाही.

मूळ प्रत पाठव. सोबत चार ओळी लिहून दे: शेवट करण्याचा, गाण्याचा आणि छापण्याचा अधिकार माझा, आणि दुसरा शेवट तू कधी करणार नाहीस. सही स्वच्छ कर. कार्यक्रम झाला की मी तुला त्या दुपारचं सगळं लिहीन. आधी नाही. आधी सांगितलं तर तू सही करणार नाहीस किंवा कार्यक्रमात येऊन गोंधळ घालशील, दोन्हीला माझी तयारी नाही.

माणूस काय म्हणाला ते तुला हवं आहे की गाणं कुठे संपतं ते, एवढं ठरव. दोन्ही मिळणार नाही.

आई


१० जून

आईंना नमस्कार.

मूळ प्रत पाठवते आहे. तुम्ही मागितलेल्या चार ओळी वेगळ्या कागदावर आहेत, खाली सही आहे. शेवट तुम्हाला हवा तिथे करा. पंचमावर करा.

मी कार्यक्रमाला येणार नाही. पत्राची वाट बघते.

सून


२ सप्टेंबर

सूनबाई,

कार्यक्रम छान झाला. तू आली नाहीस ते बरंच केलंस, पुढच्या रांगेत खुर्च्या कमी पडल्या होत्या.

सभागृह म्हणजे शाळेचा व्यायामाचा हॉल. गाद्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या, त्यांनी आवाज खाल्ला नाही, उलट गोलाई दिली. खालच्या आवाजात आमचे दंतवैद्य उभे होते. हा माणूस दिवसभर लोकांना 'आ करा' सांगतो आणि स्वतः मात्र तोंड पुरतं उघडत नाही. त्या दिवशी त्यांनी उघडलं.

मी शेवट फार लांबवला नाही. बारा बार लिहिले. पंचमाला सा केलं आणि तिथेच सगळ्यांना बसवलं. जुना सा परत आलाच नाही. लोकांच्या सुरुवातीला लक्षात येत नाही की आपण निघालो त्या घरी आपण पोचलेलोच नाही. मग येतं. टाळ्या त्याच्यानंतर.

पण खरं सांगू, जीव गलबलला तो शेवटाला नाही. त्याच्या स्वतःच्या त्या बारला. मधल्या आवाजातल्या बायका तो तीव्र मध्यम गायल्या. मी हात वर धरला होता तो खाली घेता येईना. सात वर्षांचा होता तेव्हा त्याला हा स्वर लागायचा नाही, मी त्याची हनुवटी धरून वर करायची. तोच स्वर, तिथेच ठेवलेला. पोटचा मुलगा दारात आला की आईला वासाने कळतं म्हणतात, मला स्वराने कळलं. मी सगळ्यांसमोर रडले. मी त्याच्या बापाच्या वेळी रडले नव्हते.

दंतवैद्यांच्या ओळखीने रचना छापून घेतली. मुखपृष्ठावर रचना त्याची, समाप्ती माझी. इतर वृंदांनाही प्रती गेल्या आहेत. तुझं नाव आतल्या पानावर आहे: प्रत उतरवून देणार.

आता शब्दाला जागते. शेवटच्या दुपारचं विचारलं होतंस. शेवटच्या दुपारी त्याने पियानोला हात लावला नाही. तीन आठवड्यांत एकदाही लावला नाही. तुझ्याबद्दल एक अक्षर बोलला नाही, बरं नाही आणि वाईटही नाही. तू त्याच्या बोलण्यात कुठे नव्हतीसच. दुपारी जरा पडतो म्हणाला आणि उठला नाही.

मागच्या पत्रात मी वेगळं लिहिलं होतं, कारण मला मूळ प्रत हवी होती.

आई


९ सप्टेंबर

आई,

नमस्कार लिहीत नाही, हाताला खोटं लिहायचा कंटाळा आला आहे.

तुमचं पत्र मी नृत्यशाळेत वाचलं. मुली भिंतीलगतच्या दांडीवर पाय टाकून उभ्या होत्या आणि बाई मला विचारत होत्या, सुरू करायचं ना? मी सुरू केलं. तासभर वाजवलं. माझे हात थांबले नाहीत याचा मला अजून राग येतो.

बारा वर्षं मी एक शपथ पाळली. त्याने घातली होती: आईला कळू देऊ नकोस. तो तुम्हाला घाबरायचा, म्हणून ती घातली. तो गेल्यावरही मी पाळली, तुम्ही मला प्रत उतरवणारी कारकून केलंत तेव्हाही पाळली. आज मोडते.

तुमचा मुलगा दोन ओळी लिहायचा. वरचा आवाज आणि खालचा आवाज. त्या दोन त्याच्या होत्या, पुऱ्या त्याच्या, आणि सुंदर होत्या. मधले दोन आवाज त्याला कधीच जमले नाहीत. तुमच्या चौदा वर्षांच्या शिकवणीनंतरही नाही. कदाचित तुमच्या चौदा वर्षांच्या शिकवणीमुळेच. मधला आवाज लिहायला बसला की पेन्सिल खाली ठेवायचा. म्हणायचा, आई मागे उभी आहे असं वाटतं.

मधले दोन मी भरायची. सुवाच्य प्रत, सुवाच्य प्रत म्हणता ना तुम्ही, ती उतरवून काढलेली नसायची. कच्च्या कागदावर दोनच ओळी असतात, पक्क्या कागदावर चार. तुम्ही कधी कच्चा कागद बघितलाच नाहीत, कारण तो तुम्हाला दाखवायचाच नसायचा. त्याच्या एकूण एक रचनांमध्ये मधले दोन आवाज माझे आहेत. भांडणात मी बोलले, दुसऱ्याच्या जिवावर मिरवतोस, ते यावरून.

आता तुमच्या बारकडे या. कच्चा कागद माझ्यासमोर आहे. वरच्या आवाजात धैवत, खालच्या आवाजात रे. त्याने एवढंच लिहिलं आहे. यात शुद्ध मध्यमही बसतो आणि तीव्रही बसतो. पुढच्या सगळ्या बारांत त्याच्या दोन ओळींत मध्यम एकदाही नाही. ना शुद्ध, ना तीव्र. मुक्काम की बिऱ्हाड हे ठरवणारा जो एकुलता एक स्वर, तो त्याने लिहिलेलाच नाही. मी लिहिला आहे.

तो भांडी घासत होता. मी टेबलाशी बसून विचारलं, इथे मध्यम तीव्र करू का? तो म्हणाला, तुला काय वाटेल ते कर, आणि कढई खाली टेकवली. मी तीव्र केला. उसना म्हणूनच केला होता, पुढे शुद्ध करून परत आणायचं डोक्यात होतं. परतीच्या दोन ओळी त्याने लिहायच्या होत्या.

म्हणजे हजार कागदांतून तुम्ही उचलून दाखवणार होतात तो स्वर माझा निघाला. ज्याच्यावर तुम्ही सगळ्यांसमोर रडलात, तो माझा. हनुवटी धरून शिकवलेला तुमचा मुलगा त्या बारात कुठेही नाही. तुम्ही सुनेच्या गळ्यात पडून रडलात, आई, आणि भर हॉलमध्ये.

त्याच्या बापाच्या वेळी रडला नव्हतात म्हणता. मग याच्या वेळीही रडला नाहीत असंच धरा.

कच्च्या कागदाची झेरॉक्स सोबत आहे. या वेळी बार कापलेले नाहीत.

सून


२० सप्टेंबर

सूनबाई,

झेरॉक्स पाहिली. आठ दिवस रोज पाहिली. तू म्हणतेस ते खरं आहे. अक्षर त्याचं आहे आणि मध्यम नाही. कागद पियानोच्या स्टँडवर लावून मी त्या दोन ओळी वाजवल्या. मधे पोकळी आहे, आणि ती पोकळी मी आधी ऐकली होती.

तू मला घाव घातलास, वर्मी लागला. मलाही वर्म ठाऊक आहे, आणि आता माझ्याकडे राखून ठेवायला काही उरलेलं नाही. तेव्हा ऐक.

मे महिन्यात लिहिलं ते खरं होतं. सप्टेंबरातलं खोटं.

शेवटच्या दुपारी तो पियानोवर बसला. ही रचना वाजवली. वरची ओळ उजव्या हाताने, खालची डाव्या, मधे काही नाही. मला वाटलं कंटाळा करतोय. मी स्वयंपाकघरातून ओरडले, मधले स्वर कुठे गेले रे? तो म्हणाला, ते घरी आहेत.

मला तेव्हा वाटलं, कागद घरी राहिले असतील. ते स्वर तुझे आहेत हे मला तुझ्या पत्रापर्यंत माहीत नव्हतं. पण 'घरी' एवढं मी नीट ऐकलं. माझ्या पियानोवर बसून, माझ्या हातचं जेवून, तो तुझ्या घराला घरी म्हणाला. मग पुढे वाजवत गेला, पंचमावरून उतरला, शुद्ध मध्यम घेतला, वरच्या ओळीतच घेतला, आणि सा वर येऊन थांबला. चार-पाच बारांत झालं. काही विशेष केलं नाही त्याने. माणूस चपला काढून घरात येतो तसं.

मग मला हाक मारली, आई, जरा इकडे ये, गुडघा दे. बॅग दारात भरून ठेवली होती. उशी वरून कोंबली होती, त्यामुळे चेन लागत नव्हती. मी गुडघा दाबून धरला आणि त्याने चेन ओढली. संध्याकाळची गाडी होती. जाताना रस्त्यात नळाचं वायसर घ्यायचं आहे म्हणाला, घराजवळचं दुकान बंद होईल. मी म्हटलं, तीन आठवड्यांनी आठवलं? हसला. गाडीला वेळ होता, म्हणून जरा पडतो म्हणाला. उशी बॅगेत होती, परत काढायचा कंटाळा केला. माझी घेतली.

तुला फोन केला आणि तू पोचेपर्यंत माझ्याकडे अर्धा दिवस होता. शेजारीपाजारी बाहेरच्या खोलीत होते. मी बॅग उघडली. शर्ट काढले आणि एकेक हँगरला लावले, इस्त्रीचे वेगळे आणि रोजचे वेगळे. उशी पलंगावर ठेवून थोपटून सारखी केली. बॅग माळ्यावर टाकली. मग कपाटाचं दार उघडं ठेवलं, तुला दिसावं म्हणून.

तुला दिसलं. तू उशी उचलून तोंडाशी धरलीस तेही मी दारातून बघितलं.

तो परत येणार होता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. सहीच्या बदल्यात कबूल केलं होतं, उशिरा का होईना पोचतं केलं.

आता त्याचं काय करायचं ते तू बघ. तू लिहून दिलेल्या चार ओळी माझ्याकडे आहेत आणि दुसरा शेवट तुला करता येणार नाही. प्रती वाटून झाल्या. दंतवैद्यांना मी आणखी शंभर काढायला सांगितल्या आहेत. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला आम्ही हीच रचना गाणार, मधले दोन आवाज तुझे, शेवट माझा, आणि तो कधीच घरी पोचणार नाही. आतल्या पानावरचं तुझं नावही तसंच राहील: प्रत उतरवून देणार.

नळ दुरुस्त करून घे. वायसर काही फार महाग नसतं.

त्याची उशी मागू नकोस. तिच्यावर मी झोपते.

आई